जुनी लाकडी लव्हसीट निवडताना : कामाच्या नोंदी

४ जानेवारी

खिडकी आणि पुस्तकांचे कपाट यांच्यामध्ये १५२ सेंटिमीटर जागा मोकळी आहे. तेथे दोन माणसे शेजारीशेजारी बसू शकतील अशी जुनी, भरीव लाकडाची लव्हसीट ठेवावी, असे ठरले. पहिल्या उत्साहात मी बाहेरील रुंदीची मर्यादा १४५ सेंटिमीटर धरली होती. नंतर जुने कागद जोडून तेवढा आकार जमिनीवर पसरला आणि दोन दिवस त्याच्या कडेने ये-जा केली, तेव्हा कपाटाचे दार उघडताना कागदावर येते, हे लक्षात आले. मर्यादा १३५ वर आणली. फितीने घेतलेले माप भिंतीचे असते, वावरण्याचे नसते. म्हणून कागद पसरण्याचा हा कंटाळवाणा उद्योग मी कोणालाही करायला सांगेन.

आज घरातल्या खुर्च्यांचीही मापे घेतली. ज्या खुर्चीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकावे लागत नाहीत, तिच्या बैठकीची उंची ४३ सेंटिमीटर आणि खोली ५० सेंटिमीटर आहे. ही दोन मापे एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवली. मी आणि पत्नी भिंतीला पाठ लावून शेजारी बसलो आणि खांद्यापासून खांद्यापर्यंतचे अंतर मोजले, तर ते १०१ सेंटिमीटर भरले. म्हणजे लव्हसीटच्या दोन्ही हातांच्या (हात टेकायच्या बाजूंच्या) आतली मोकळी रुंदी किमान १०८ तरी हवी.

११ जानेवारी

पहिली लव्हसीट छायाचित्र पाहून पसंत केली आणि प्रत्यक्ष पाहून सोडून दिली. जाण्यायेण्यासह साडेतीन तास गेले. विकणाऱ्याने रुंदी १२८ सेंटिमीटर सांगितली होती आणि ती खोटी नव्हती. परंतु दोन्ही हात जाड आणि बाहेरून आत वळलेले असल्यामुळे आतली रुंदी अवघी ९७ सेंटिमीटर होती. त्यावर दोघांनी बसायचे तर एकाने तिरके बसावे लागले असते.

बैठकीची उंची ३६ सेंटिमीटर निघाली, तेव्हा शंका येऊन ती आडवी करून पाहिली. पाय खाली निमुळते होत जाता जाता मध्येच संपले होते. तळाचे लाकूड ताजे दिसत होते आणि कडांना इतक्या वर्षांची घासणूक अजिबात नव्हती. ओलाव्याने कुजलेले पाय कोणीतरी सरळ करवतीने कापून टाकले असणार. पाय पुन्हा वाढवता येतात, पण जोड दिसतो आणि भार नेमका त्या जोडावरच येतो.

यापुढे घराबाहेर पडण्यापूर्वी विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागवायच्या, असे ठरवले : हातांच्या आतली रुंदी, जमिनीपासून बैठकीची उंची आणि उलट्या करून ठेवलेल्या बैठकीच्या तळाचे छायाचित्र. तिसरी गोष्ट द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

१८ जानेवारी

दुसरी लव्हसीट दिसायला फारच देखणी होती. पाठीवर कोरीव वेलबुट्टी, गर्द तांबूस झिलई, आणि विकणाऱ्याचा ठाम दावा की ती शंभर वर्षांहून जुनी आहे. जुन्या वस्तूंच्या व्यवहारात साधारणपणे १०० वर्षांपुढच्या वस्तूला पुरातन म्हटले जाते आणि किंमत त्या शब्दावर चढते, त्यामुळे हा दावा तपासणे भाग होते.

बैठकीखाली कोपऱ्यांतले लाकडी ठोकळे ज्या स्क्रूंनी बसवले होते, त्यांच्या माथ्यावर अधिकाच्या चिन्हासारखी खाच होती. अशा खाचेच्या स्क्रूचे पेटंट १९३६ साली हेन्री फिलिप्स यांनी घेतले. स्क्रू नंतर बदललेले असू शकतात, म्हणून एक काढून पाहिला. भोकाची कड स्वच्छ होती, शेजारी दुसरे जुने भोक नव्हते आणि ठोकळ्याखालच्या लाकडावर आधीच्या कोणत्याही खिळ्याचा डाग नव्हता. म्हणजे स्क्रू मूळचेच. मग कातलेल्या (लेथवर गोल केलेल्या) पायाचा व्यास कॅलिपरने, म्हणजे चिमट्यासारख्या मोजपट्टीने, दोन दिशांनी मोजला. लाकूड वाळताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने अधिक आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कमी आकसते, त्यामुळे फार जुना गोल पाय बहुधा किंचित लंबगोल झालेला सापडतो. येथे दोन्ही मापे तंतोतंत सारखी आली. हा एकट्याने पुरेसा ठरणारा पुरावा नव्हे, पण स्क्रूच्या साक्षीला त्याने दुजोरा दिला. मी लव्हसीट नाकारली.

ही नोंद रात्री लिहिताना मात्र मला माझा निर्णय पटत नाही. तिची चौकट घट्ट होती, आतली रुंदी ११० होती आणि वय हा माझा निकष मुळात नव्हताच. दावा खोटा ठरल्याच्या रागात मी वस्तू नाकारली, खरे तर वयासाठी मागितलेली वाढीव रक्कम नाकारून वस्तूची किंमत बोलायला हवी होती. (नंतरची भर : दोन दिवसांनी पुन्हा विचारणा केली, तोवर ती विकली गेली होती.)

२५ जानेवारी

तिसरी पाहण्यापूर्वी छायाचित्रांतच मागच्या पायांवर बारीक छिद्रे दिसली होती. विकणाऱ्याचे म्हणणे होते, की किडा कधीच मेलेला आहे आणि छिद्रे जुनी आहेत. छिद्र म्हणजे किडा बाहेर पडून गेल्याची खूण, हे खरे आहे; पण आत त्याची पुढची पिढी असते की नाही, ते छिद्र सांगत नाही. जुन्या छिद्राची कड मळलेली आणि आतली बाजू काळसर असते, नव्याची कड धारदार आणि आतले लाकूड उजळ दिसते. येथे दोन्ही प्रकार होते.

मी विनंती करून पायांवरची धूळ पुसली, खाली काळा कागद अंथरला आणि तो आठवडाभर तसाच राहू द्यावा असे सांगितले. विकणारा भला माणूस होता, त्याने मान्य केले. आज जाऊन पाहिले तर कागदावर फिकट भुशाच्या दोन छोट्या ढिगल्या होत्या. तरीही मन वळत नव्हते, कारण पाठीचे दांडे अप्रतिम कातलेले होते. शेवटी परवानगी घेऊन पाठीच्या खालच्या आडव्या पट्टीत सुईटोचा दाबला, तो फारसा जोर न लावता बोटाच्या पेरभर आत गेला. पृष्ठभागापुरत्या किडीवर औषध करता येते. ज्या पट्टीवर पाठीचा सारा भार आहे ती आतून पोकळ झाली असेल, तर औषधाने ताकद परत येत नाही.

घरी आल्यावर अंगावरचे कपडे आणि पिशवी बाहेरच झटकली. हा कदाचित अतिरेक असेल.

८ फेब्रुवारी

चौथी लव्हसीट घेतली. (ही नोंद नंतर, सांधे उघडल्यावर पूर्ण केली आहे.) हिच्या बाबतीत काय काय पाहिले, ते क्रमाने लिहितो, कारण यातली एक तपासणी मी अर्धवट सोडली आणि पुढचे तीन आठवडे त्याची भरपाई करण्यात जाणार आहेत.

बाहेरील रुंदी १३१, हातांच्या आत ११२, बैठकीची उंची ४२, खोली ५२ सेंटिमीटर. चौकट भरीव लाकडाची, पाठीला कातीव दांडे, बैठक वेताने विणलेली आणि मधोमध फाटलेली. तळाशी प्लायवूड नाही, स्टेपलच्या पिना नाहीत. वेत चौकटीतल्या भोकांमधून ओवलेला आहे. म्हणजे ते हाताने विणावे लागेल, तयार जाळी खाचेत ठोकून भागणार नाही. झिलई कसली आहे हे कळण्यासाठी मागच्या पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा क्षणभर टेकवला. पृष्ठभाग लगेच चिकट झाला, तेव्हा लाखेचे पॉलिश आहे हे कळले. माझ्या दृष्टीने हे चांगले होते, कारण लाखेवर नवी लाख बेमालूम बसते आणि सगळे खरवडावे लागत नाही.

मग पुढचा उजवा पाय हळूहळू उचलला. चौकट ताठ असेल, तर एक पाय थोडा वर जाताच पुढचा दुसरा पायही जमीन सोडतो. येथे उजवा पाय जवळजवळ १२ सेंटिमीटर वर गेला, तेव्हा कुठे डावा हलला. बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, त्यांत ९ मिलिमीटरचा फरक निघाला. पुढची बाजू मागच्यापेक्षा रुंद असली, तरी डावी आणि उजवी बाजू सारखी असताना कर्णही सारखेच यायला हवेत. सुतारांच्या भाषेत चौकट गुण्यात, म्हणजे नेमक्या कोनात, नव्हती.

शेवटची परीक्षा दोघांनी एकदम बसण्याची. फाटक्या वेतावर जाड फळी आडवी टाकली आणि आम्ही दोघे बसलो. डाव्या मागच्या कोपऱ्यातून करकर आवाज आला. एकट्याने बसून पाहिले असते, तर तो ऐकू आला नसता. येथपर्यंत सारे योग्य झाले. चूक पुढे झाली. त्या एकाच कोपऱ्यातून आवाज येतो म्हणून सांधा एकच सैल आहे, असे मी गृहीत धरले आणि बाकीचे सांधे एकेक करून हाताने हलवून पाहिले नाहीत. फाटलेला वेत आणि तो एक सांधा दाखवून सांगितलेल्या किमतीत चतुर्थांश सूट मिळवली आणि आपण फार हुशारीने व्यवहार केला, अशा समाधानात परतलो.

९ फेब्रुवारी

दरवाजाची चौकट ८१ सेंटिमीटर रुंद आहे आणि लव्हसीटची खोली हातांच्या उंचीवर ७३ सेंटिमीटर आहे, तेव्हा ती सहज आत जाईल असे वाटले होते. गेली नाही. दाराची फळी काटकोनापलीकडे उघडत नाही, त्यामुळे तिची जाडी आणि मूठ मिळून ७ सेंटिमीटर खातात; शिवाय लव्हसीटचे मागचे पाय खाली मागे फाकलेले आहेत आणि तेथे तिची खोली ७७ भरते, हे मी मोजलेच नव्हते. अर्धा तास ती दारात अडकून राहिली. आडवी, उभी, तिरकी, सर्व प्रकार झाले. शेवटी दाराची फळी बिजागऱ्यांतून काढली, तेव्हा ती आत आली. एकूण दीड तास गेला आणि लव्हसीटच्या उजव्या हाताच्या टोकाला बोटभर लांबीचा ओरखडा पडला.

१५ फेब्रुवारी

सांधे उघडले. सैल सांधा एक नव्हता, पाच होते. मूळच्या जोडणीत एका लाकडाचे कुसू (खाचेत शिरणारे टोक) दुसऱ्याच्या खाचेत सरसाने (प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या गोंदाने) बसवलेले आहे, आणि हे काम उत्तम आहे. त्यानंतर कधीतरी सांधे सैल झाल्यावर कोणीतरी जुना सरस न काढता त्यावरच पांढरा गोंद ओतला आणि वरून लांब खिळे ठोकले. पांढरा गोंद जुन्या सरसाच्या थरावर नीट धरत नाही. खिळ्याने डाव्या मागच्या कोपऱ्यातले कुसू उभे चिरले आहे. करकर आवाज त्याचा होता.

खिळ्याच्या माथ्यांवर लांबी (भोके बुजवण्याचा लगदा) भरून वरून रंग लावलेला होता, म्हणून पाहणीत ते दिसले नाहीत. आता माहीत झाल्यावर मात्र तिरप्या उजेडात ते ठिपके स्पष्ट दिसतात. पाहायला जाताना विजेरी नेली होती. ती तळाशी फिरवली, सांध्यांवर आडवी धरून फिरवली नाही.

माझी आजची चूक दुहेरी आहे. एक सांधा सुटेना म्हणून मधे लाकडाचा तुकडा न धरता सरळ हातोडी मारली आणि पट्टीवर खळगा पडला. दबलेले लाकूड वाफेने फुगून वर येते, म्हणून ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवली. खळगा खरोखर बराचसा भरून आला, पण लाखेला ओलावा आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत, त्यामुळे तेथे तळहाताएवढा पांढरा डाग उमटला. स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा त्यावरून अगदी हलकेच, न थांबता फिरवल्यावर डाग गेला. मात्र पहिल्या प्रयत्नात हात क्षणभर रेंगाळला आणि तेवढ्यात बोळ्याचे तंतू लाखेत चिकटून बसले.

२२ फेब्रुवारी

गेल्या रविवारी घाईने दोन सांधे पांढऱ्या गोंदाने चिकटवून पाहिले होते. वरवर खरवडले तेवढे पुरेल, असे वाटले. दुसऱ्या दिवशी शिकंजे (सांधा दाबून धरणाऱ्या पकडी) काढले आणि हाताने ओढताच दोन्ही सांधे सुटले. आधीच्या माणसाला नावे ठेवून मी नेमके त्याचेच काम पुन्हा केले होते.

ओळखीच्या सुतारकाकांना चिरलेले कुसू नेऊन दाखवले. ते म्हणाले, “अहो, हे चिकटवत बसू नका. कापून टाका, दोन्हीकडे खाच करा आणि नवं कुसू सुटं करून घाला.” त्याप्रमाणे केले. चिरलेले कुसू मुळापासून सपाट कापले, त्याच जागी पट्टीत खाच पाडली आणि तशाच जातीच्या कठीण लाकडाचे सुटे कुसू दोन्ही खाचांत बसेल असे तासले. पहिले फार सैल झाले, दुसरे जमले. कोरडे असताना हाताच्या दाबाने आत जावे आणि उलटे धरल्यावर गळून पडू नये, अशी त्याची घट्टपणाची खूण काकांनी सांगितली होती.

बाकीच्या सांध्यांवरचा पांढरा गोंद कोमट पाण्याने फुगवून पटाशीने खरवडला आणि जुना सरस गरम पाणी व जुन्या दात घासण्याच्या ब्रशने धुऊन काढला. यात अख्खा एक दिवस गेला. लाकूड पूर्ण वाळायला आणखी तीन दिवस दिले. जोडण्यासाठी सरसच वापरला. त्याचे दाणे थंड पाण्यात भिजवून भांड्यात भांडे ठेवून तापवले. उष्णता ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवली, कारण उकळलेल्या सरसाची पकड कमी होते. सरसाचा मोठा गुण असा, की नवा सरस जुन्याच्या उरलेल्या अंशाशी एकजीव होतो आणि पुढे कोणाला सांधा उघडावा लागला, तर ऊब आणि ओलावा देऊन उघडता येतो. त्याचा दोष असा, की तो थंड होताच गोठू लागतो. पाचही सांधे एका दमात जोडायचे म्हटल्यावर दोघांनाही घाम फुटला. तिसऱ्या सांध्यापर्यंत पहिला घट्ट होऊ लागला होता, म्हणून थांबून चौकट दोन टप्प्यांत जोडली. ते आधीच ठरवायला हवे होते.

शिकंजे आवळल्यावर कर्ण मोजले, तर फरक ४ मिलिमीटर. लांब कर्णाच्या दिशेने एक शिकंजा तिरका लावून थोडा थोडा आवळत फरक १ मिलिमीटरवर आणला आणि चोवीस तास तसेच ठेवले.

८ मार्च

वेतकामाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण येथे मी शिकलो कमी आणि उसवले जास्त. भोकांमधले अंतर मोजून त्याला शोभेल एवढ्या रुंदीचा वेत आणला. कोरडा ओढला तो तुटला. रात्रभर भिजवला तो काळवंडला. कोमट पाण्यात अर्धा तास पुरतो. वीण सहा फेऱ्यांची असते : उभी, आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी आणि मग दोन तिरक्या, शेवटी कडेने भोके झाकणारी पट्टी. पाचव्या फेरीत पट्टी कोणत्या बाजूने वर आणि कोणत्या बाजूने खाली जाते, हे उलटे धरले गेले. चूक अर्ध्या बैठकीनंतर कळली, कारण पट्ट्या सहज सरकण्याऐवजी अडकून घासू लागल्या. सात तासांचे काम उसवले. दोन माणसांच्या बैठकीत भोकांची संख्या खुर्चीच्या जवळजवळ दुप्पट असते, हे घेताना माझ्या हिशेबात नव्हते.

२२ मार्च

वेत वाळून ताठ झाला. टिचकी मारली की ढोलकीसारखा वाजतो. ओरखड्यावर आणि खळग्याच्या जागी लाखेचे पातळ थर दिले. बाकीच्या पृष्ठभागाला हात लावला नाही.

हिशेब असा. लव्हसीटची किंमत १०० धरली, तर वाहतूक ९, शिकंजे, सरस आणि लाकूड १६, वेत १४ आणि लाख, स्पिरिट वगैरे ४. म्हणजे वरखर्च ४३. किंमत ठरवताना मी वरखर्च २० धरला होता. वेळ : शोधात १४ तास, ने-आण ४, सांधे १९ आणि वेत २६, एकूण ६३ तास. यातले किमान १६ तास केवळ माझ्या चुका निस्तरण्यात गेले. दुसरी लव्हसीट योग्य किमतीत घेतली असती, तर सांध्यांचे १९ तास लागलेच नसते, हे येथे नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी आम्ही दोघे एकदम बसलो. डाव्या मागच्या कोपऱ्यातून आवाज आला नाही. पुढचा उजवा पाय जमिनीपासून २ मिलिमीटर वर राहतो आहे. चौकट गुण्यात आल्यावर हे उघड झाले. पाय तासण्याचा मोह आवरला आणि त्याखाली चामड्याची चकती चिकटवली.